अकरा राज्ये आणि एक पेटी

बदलीचा हुकूम आला की घरातले काय काय हलवायचे, याची यादी आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला तोंडपाठ असते. शाळेचे दाखले, रेशनकार्ड, गॅसची कागदपत्रे, देवघर, आणि सांडू नये म्हणून मांडीवर घेऊन बसायची लोणच्याची बरणी. या यादीत बंदूक नसते. आमच्या कोकणातल्या आजोळी मात्र एक होती. ठासणीची, एका नळीची, शेताच्या राखणीसाठी परवाना मिळालेली. रानडुकरांपेक्षा तिची ओळख पोलीस ठाण्याशीच जास्त. निवडणूक जाहीर झाली की तिला ठाण्यात जमा करायचे आणि निकाल लागले की घरी आणायचे. बाळंतपणाला माहेरी जावे तशी ती दर निवडणुकीला ठाण्यात जायची.

आपल्याकडे बंदूक ही सरकारने दिलेली परवानगी असते. १९५९ चा शस्त्र कायदा सगळ्या देशाला एकच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मुभा उरली, तीही सगळ्या राज्यांत एकदमच. त्यामुळे ‘राज्य बदलले की कायदा बदलतो’ हे वाक्य ऐकून मला प्रथम हसूच आले होते. ते हसू ह्यूस्टन ते न्यू जर्सी या सोळाशे मैलांच्या प्रवासात हळूहळू ओसरले.

माझी भाची आणि तिचे यजमान टेक्सासमधल्या ह्यूस्टनला बारा वर्षे राहिले. यजमानांना न्यू जर्सीत नोकरी लागली. मी आणि आमची सौभाग्यवती तेव्हा तिथे पाहुणे म्हणून होतो. सामान ट्रकने पुढे गेले. मोटारीत उरलो आम्ही दोघे, ती दोघे, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा, चकलीचे दोन डबे आणि डिकीत एक कुलूपबंद काळी पेटी. पेटीत जावयांचे पिस्तूल होते.

आमचे जावई म्हणजे अतिशय पापभीरू माणूस. झुरळ मारायचे तरी भाचीला हाक मारतात. पण तीनचार घरे पलीकडे एका रात्री दरोडा पडला आणि दुसऱ्या महिन्यात यांनी पिस्तूल आणले. “दुकानात गेलो, ओळखपत्र दाखवलं, फॉर्म भरला, त्यांनी माझी चौकशी केली आणि अर्ध्या तासात बाहेर,” ते सांगत होते. “आधी तात्पुरत्या व्हिसावर होतो तेव्हा घेता येत नव्हतं. शिकारीच्या परवान्यासारखा एखादा अपवाद सोडला तर त्या व्हिसावरच्या माणसाला केंद्राचा कायदाच बंदूक बाळगू देत नाही. ग्रीन कार्ड आलं, मग घेतलं.” टेक्सासमध्ये घ्यायला परवाना लागत नाही आणि घेतलेल्याची राज्याकडे नोंदही नसते. २०२१ च्या सप्टेंबरपासून तर कायद्याने अपात्र न ठरलेल्या प्रौढ माणसाला ते परवान्याविना कमरेला लावूनही हिंडता येते. मात्र दुकानदाराने दारावर पाटी लावली तर आत न्यायचे नाही. या पाट्यांना कायद्यातल्या कलमांचेच आकडे चिकटले आहेत, ३०.०६ आणि ३०.०७. एक लपवलेल्या पिस्तुलासाठी, दुसरी उघड्यासाठी, मजकूर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. आपल्याकडे ‘चपला बाहेर काढाव्यात’ असे लिहितात, तिथे हे.

निघण्यापूर्वी जावयांनी पैसे मोजून एका वकिलाकडून दोन पानी टिपण करून घेतले होते. ते मी पहिल्याच दिवशी लुईझियाना ओलांडताना वाचून काढले. त्याचे सार असे. अमेरिकेच्या घटनेतली शस्त्रांविषयीची दुरुस्ती १७९१ ची. घरात पिस्तूल बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले, आणि तो हक्क घराबाहेरही चालतो असे २०२२ मध्ये. पण तो कसा बजावायचा, कोणत्या फॉर्मवर, किती गोळ्यांसकट, हे बरेचसे राज्याराज्यांवर सोडलेले. आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या प्रवाशासाठी १९८६ चा एक केंद्रीय कायदा. निघता तिथे आणि पोचता तिथे, दोन्हीकडे ते शस्त्र कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येते. मात्र गोळ्या काढलेल्या हव्यात आणि पिस्तूल हाताशी नको. डिकी नसलेली गाडी असेल तर कुलूपबंद पेटीत हवे, आणि गाडीतला पुढचा कप्पा ही पेटी धरली जात नाही.

“म्हणजे खरा प्रश्न वाटेचा नाही, पोचण्याचा आहे,” मी म्हटले.

“तेच तर,” जावई म्हणाले आणि गप्प झाले.

पहिला मुक्काम मिसिसिपीत मेरिडियनला पडला, दुसरा ब्रिस्टलला. हे ब्रिस्टल गाव मोठे गमतीचे आहे. तिथल्या मुख्य रस्त्याचे नाव स्टेट स्ट्रीट. रस्त्याच्या मधोमध पितळी खुणा बसवलेल्या आहेत. त्यांच्या एका बाजूला टेनेसी, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. आमच्या नातवाने एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून फोटो काढून घेतला. टेनेसीच्या फुटपाथवर २०२१ पासून पिस्तूल न्यायला परवाना लागत नाही. रस्ता ओलांडून व्हर्जिनियात तेच कोटाखाली लपवून न्यायचे तर परवाना हवा. पलीकडच्या उपाहारगृहात कॉफी प्यायला जायचे म्हणजे एका राज्याची दंडसंहिता सोडून दुसरीत शिरायचे! सौभाग्यवती म्हणाल्या, “आपल्याकडे सीमेवर भाषेवरून भांडतात, इथे निदान कॉफी तरी तीच आहे.”

तिसऱ्या दिवशी शेनान्डोआचे खोरे लागले. शरद ऋतू होता. दोन्हीकडच्या डोंगरांवर झाडे अशी पिवळी-तांबडी झाली होती की कोणी हळदीकुंकवाचे तबक उधळून दिले असावे. त्या रंगांत कोणाला बोलावेसे वाटत नव्हते. मग महामार्ग वेस्ट व्हर्जिनियाच्या एका टोकातून सव्वीस मैल जातो आणि लगेच मेरीलँडच्या चिंचोळ्या पट्टीतून बारा मैल. बारा मैल म्हणजे दादर ते बोरिवलीपेक्षाही कमी अंतर. मेरीलँडमध्ये पिस्तूल विकत घ्यायलाच प्रशिक्षण आणि बोटांचे ठसे लागतात. आमचे सगळे नियमाप्रमाणेच होते. तरी त्या बारा मैलांत जावयांचा काटा वेगमर्यादेच्या वर एकदाही गेला नाही. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवून पुढे जात होते.

पेनसिल्व्हेनियात शिरलो आणि हॅरिसबर्गला मुक्काम केला. सस्क्वेहॅना नदी तिथे इतकी रुंद आहे की संध्याकाळी पलीकडचे दिवे परगावचे वाटतात. जेवणे झाली, नातू झोपला, आणि जावयांनी टिपणाचे दुसरे पान उघडले. न्यू जर्सीचे.

ते पान जरा भारी होते. २०२२ च्या कायद्याप्रमाणे बाहेरून राहायला येणाऱ्याने साठ दिवसांच्या आत तिथल्या ओळखपत्राची तजवीज करायची आणि बरोबर आणलेल्या शस्त्राची नोंद करायची. ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याची कागदपत्रे तपासायला संमती, प्रशिक्षणाचा दाखला, आणि अर्जदाराच्या वागणुकीची हमी देणाऱ्या दोन माणसांची नावे. २०१८ च्या कायद्याने एका मॅगझिनमधल्या गोळ्यांची मर्यादा पंधरावरून दहावर आणलेली. जावयांची मॅगझिने सतरा गोळ्यांची होती. ती त्यांनी ह्यूस्टनलाच दुकानदाराला विकून टाकली होती.

या पानाच्या शेवटी वकिलाने दोन प्रकरणे दिली होती. कोलोरॅडोहून न्यू जर्सीत बिऱ्हाड हलवणारा एक तरुण २००९ साली पकडला गेला. पिस्तुले कोलोरॅडोत रीतसर घेतलेली, गोळ्या काढून डिकीत ठेवलेली. आपण घर बदलत होतो हे त्याचे म्हणणे टिकले नाही आणि २०१० मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. त्याच डिसेंबरात गव्हर्नरने ती कमी करून त्याला सोडले. दुसरे प्रकरण फिलाडेल्फियाच्या एका आईचे. दोन मुले, पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना. २०१३ मध्ये नदी ओलांडून न्यू जर्सीत गेली असता पोलिसाने गाडी थांबवली, तेव्हा पर्समध्ये पिस्तूल आहे हे तिने आपण होऊन सांगितले. तो परवाना नदीपलीकडे नुसता कागद होता. परवान्याविना पिस्तूल बाळगण्याला तिथे साडेतीन वर्षे तरी तुरुंगात काढावी लागतील अशी शिक्षा सांगितलेली आहे. खटला उभा राहिला, देशभर बोभाटा झाला आणि २०१५ मध्ये गव्हर्नरने तिला माफी दिली.

“खरं बोलली म्हणून अडकली बिचारी,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“कायदा माहीत नव्हता म्हणून,” जावई म्हणाले. “मला माहीत आहे. साठ दिवस भरपूर झाले. ठसे देईन, वर्गाला जाईन. हमीला ऑफिसातले दोघे मिळतील.”

भाची इतका वेळ नातवाचे स्वेटर घडी करत होती. ती शांतपणे म्हणाली, “दोन परक्या माणसांना विचारणार, याच्या हातात पिस्तूल द्यावं का म्हणून. तुझ्याबरोबर त्याच खोलीत झोपणाऱ्या बाईला कुणी विचारलंय?”

कोणी काही बोलेना. तीच पुढे म्हणाली, “तू आणलंस तेव्हाही विचारलं नाहीस. मी म्हटलं, इथं सगळ्यांकडे असतं. चार वर्षं त्या पेटीची किल्ली कुठं आहे हे मी रोज आठवते. बाळ शाळेतून आलं की आधी ते कपाट बघते. मला चोराची भीती एका रात्रीची होती. ही रोजची आहे.”

जावयांनी वाद घातला नाही, पण लगेच मानलेही नाही. दरोड्याच्या रात्री पोलीस यायला किती वेळ लागला, ते त्यांनी सांगितले, आणि त्यात खोटे काही नव्हते. भाचीने ते ऐकून घेतले. रात्री उशिरापर्यंत पलीकडच्या खोलीतून दोघांचे हळू आवाजातले बोलणे ऐकू येत होते. चार वर्षांचे बोलणे एका रात्रीत व्हायचे, म्हणजे वेळ लागणारच.

सकाळी नाश्ता झाल्यावर जावई म्हणाले, “मामा, जरा बाहेर जाऊन येऊ.” गावाबाहेर एक परवानाधारक दुकान होते. परराज्यातल्या माणसाला तिथे पिस्तूल विकत घेता येत नाही. पण विकता येते, कारण घेणारा परवानाधारक दुकानदार असतो. दुकानदार म्हाताऱ्याने पेटी उघडून पाहिली, आमच्या गाडीची टेक्सासची पाटी पाहिली आणि विचारले, “न्यू जर्सीला चाललात ना?” असे पुष्कळ गिऱ्हाईक त्याच्याकडे येत असावे. किंमत खरेदीच्या जेमतेम निम्मी आली. जावयांनी घासाघीस केली नाही. पेटी मात्र परत मागून घेतली.

“कायद्याला भिऊन नाही विकलं हं,” गाडीत बसताना ते मला म्हणाले. “कागद मी पुरे केले असते.”

“मला ठाऊक आहे,” मी म्हटले.

आणि ते खरेच होते. कायद्याचा उपयोग एवढाच झाला की ज्या वस्तूविषयी घरात कोणी तोंड उघडत नव्हते, तिचे नाव त्याने एका फॉर्मवर लिहायला लावले. नाव लिहायचे म्हटल्यावर बोलणे आलेच. टेक्सासच्या अर्ध्या तासात ते झाले नाही, न्यू जर्सीच्या साठ दिवसांच्या धाकाने एका रात्रीत झाले. कुठला कायदा चांगला यावर अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या वाद चालला आहे. पाहुण्याने त्यात पडू नये. पण घर बदलणाऱ्याने मात्र तिथल्या कायद्याचे पान घरातल्या सगळ्यांसमक्ष मोठ्याने वाचावे, एवढे मी शिकलो.

दुपारी आम्ही डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला. या पुलावर न्यू जर्सीत शिरायला टोल नाही, तिथून बाहेर पडायला आहे. अकरावे राज्य लागले. डिकीत रिकामी पेटी पुढेमागे घसरत होती. एडिसनच्या नव्या घरी पोचल्यावर भाचीने तिच्यात पासपोर्ट आणि नातवाच्या लशींचे कागद ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली दारामागच्या खुंटीला, सगळ्यांना दिसेल अशी, टांगून टाकली.