जागा दाखवणारी ओळ

अमीर खाँसाहेबांच्या मारव्याबद्दल आजवर बरंच वाचलं. त्यातलं सर्वांत कामी आलेलं परीक्षण तीन शब्दांचं होतं. एका जाणत्या स्नेह्यांनी त्या ध्वनिमुद्रणाची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, ‘षड्जाची वाट बघ.’ बस्स. स्तुती नाही, घराण्याची चर्चा नाही, पाचपैकी किती तारे तेही नाही.

मारव्यात पंचम वर्ज्य. रागाचा सगळा भार कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतावर. तानपुरा षड्ज सांगत राहतो, पण गळा त्याच्या अवतीभवती घुटमळतो आणि त्यावर टेकायचं लांबवत नेतो. संध्याकाळचा हा राग जिवाला हुरहुर लावतो, ती बरीचशी यामुळेच. खाँसाहेबांच्या त्या जुन्या एलपीच्या एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. म्हणजे सगळा मामला वीसेक मिनिटांचा. ती बाजू मी पूर्वीही ऐकली होती आणि ‘फार संथ आहे बुवा’ म्हणून पुढे गेलो होतो. त्या तीन शब्दांनंतर ऐकली तेव्हा कान एका कामाला लागले. आता येईल, आता येईल म्हणताना स्वर पुन्हा रिषभावर थबकतो. आणि षड्ज लागतो तेव्हा पाठ आपोआप खुर्चीला टेकते. राग तोच, गाणंही तेच. मला फक्त कान कुठे ठेवायचा ते कळलं होतं.

दोन-चार ओळींच्या अशा परीक्षणांना नाकं मुरडायची पद्धत आहे. लोकांना वाचायला वेळ नाही, सगळं चिमटीत हवं, वगैरे. पण आपल्याकडे गाण्याची दाद मुळात आखूडच असते. बैठकीत ‘वाहवा’, ‘क्या बात है’ किंवा नुसता एक हुंकार. या शब्दांना स्वतःचा अर्थ फारसा नसतो. शब्द कधी निघाला यालाच मोल. समेवर सगळेच माना डोलावतात. पण समेच्या आधी दोन मात्रा गायकाने जी नाजूक जागा घेतली, तिथे कोपऱ्यातून एखादा ‘अहाहा’ आला की बाकीचे श्रोतेही सावध होतात. नवखा श्रोता बैठकीत ऐकायला शिकतो तो असा, जाणत्यांच्या दादेचा माग काढत.

ध्वनिमुद्रण ऐकताना ही सोबत सुटते. आपण एकटे, कानात हेडफोन, आणि समोर तासाभराचा यमन. अशा वेळी कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, ‘विलंबित लांबलंय, पण बाविसाव्या मिनिटाला निषादावरून जे उतरलेत ते ऐकाच.’ म्हणजे कोपऱ्यातला तो ‘अहाहा’ पुन्हा मिळाला. मिनिटाचा आकडा ही त्या परीक्षणातली सगळ्यांत मोलाची गोष्ट. याउलट ‘अप्रतिम’, ‘दैवी सूर’, ‘अंगावर काटा आला’ या ओळींचा ढीग कितीही मोठा असला, तरी त्यातून लिहिणाऱ्याची प्रकृती कळते, गाण्याची नाही.

इंटरनेटच्या आधीही हे लिखाण होतंच. खासगी मैफलींच्या कॅसेटी जमवणाऱ्यांची एक जमात होती. त्यांच्या घरी नव्वद मिनिटांच्या कॅसेटींचे खोकेच्या खोके, आणि प्रत्येकीच्या आतल्या कार्डावर बॉलपेनने बारीक अक्षरात मजकूर: ‘पूरिया, आवाज तापलेला नाही. तबला फार पुढे. द्रुत उत्तम. शेवटी टेप संपली.’ त्यात विशेषण असलंच तर एखादं, बाकी सगळी माहिती. कॅसेट मागायला आलेला माणूस त्यावरून ठरवायचा, ही आज न्यायची की पुढच्या वेळी. परीक्षण म्हणून कुणी ते लिहिलं नव्हतं. आपलाच पुढे गोंधळ होऊ नये म्हणून लिहिलं होतं. त्यात पोज नव्हती ती म्हणूनच.

छोट्या परीक्षणाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती अमेरिकेतल्या रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात १९६९ मध्ये त्यांनी ‘कन्झ्युमर गाइड’ हे सदर सुरू केलं. एका परिच्छेदात एक रेकॉर्ड, आणि शेवटी शाळेच्या प्रगतिपुस्तकात असावी तशी श्रेणी, ए, बी, सी. रॉकला साहित्यासारखी गंभीर समीक्षा हवी असं म्हणणाऱ्यांच्या त्या काळात, ‘ग्राहक मार्गदर्शक’ हे नाव घेऊन त्यांनी उघडच चिमटा काढला होता. पण सदराचं खरं बळ सातत्यात होतं. वर्षानुवर्षं एकच माणूस, एकच मोजपट्टी. वाचकाला त्यांची आवड पाठ झाली, खोडी पाठ झाल्या. त्यांना भपकेबाज वादन खपत नाही हे ठाऊक असलेला आणि स्वतःला तेच आवडणारा वाचक, त्यांनी दिलेली ‘सी’ पाहूनही दुकानात जाऊ शकत होता. न पटणारा समीक्षकही उपयोगी पडतो. फक्त तो नेहमी एकाच बाजूला न पटणारा असावा.

इथेच आखूड परीक्षणाची खरी अट दिसते. लांब लेख स्वतःच्या पायावर उभा असतो. लेखक अनोळखी असला तरी युक्तिवाद समोर असतो, तो तपासून घेता येतो. तीन शब्दांत युक्तिवाद मावत नाही. ते वाण्याकडच्या उधारीसारखं असतं, चिठ्ठीवर फक्त आकडा आणि बाकी सगळं ओळखीवर. ‘षड्जाची वाट बघ’ हे कुण्या अनोळख्याने लिहिलं असतं, तर मी ते वाचून विसरलो असतो. ज्यांचा कान मी कित्येक मैफलींत पाहिला होता त्यांनी लिहिलं, म्हणून वीस मिनिटं थांबलो.

आकाशवाणीची श्रेणी हे तर एका अक्षराचंच परीक्षण. बी, बी-हाय, ए आणि टॉप. ध्वनिचाचणी घेऊन दिलेल्या या अक्षरावर कितीतरी कलावंतांचं मानधन आणि मान ठरत आला. पण त्या अक्षरातून श्रोत्याच्या पदरात काय पडतं? कलाकाराचा दर्जा कळतो; आज काय ऐकायचं आणि कुठे कान द्यायचा, हे कळत नाही. निव्वळ निकालाची मर्यादा ती हीच. ताऱ्यांची संख्या आणि अंगठा वर-खाली यांचीही गत तीच.

दोन ओळींत सगळं उरकतं असा माझा दावा नाही. किराणा, आग्रा, जयपूर या घराण्यांची स्वर आणि लय यांच्या तोलावर केलेली मांडणी वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’त वाचावी; त्यासाठी पुस्तकच लागतं. ‘का’ या प्रश्नाला पानं लागतात. पण ‘कुठे’ या प्रश्नाला एक ओळ पुरते, आणि ऐकणाऱ्याला आधी ‘कुठे’ हवं असतं. जागा सापडल्याशिवाय ती तशी का, हा प्रश्न पडणारच नाही.

क्रिस्टगाऊंच्या वाचकाकडे पैसे मोजके होते; महिन्याला दोन रेकॉर्डी घ्यायच्या तर कुठल्या, हा त्याचा प्रश्न. आज सारं संगीत खिशातल्या फोनमध्ये आहे आणि टंचाई संध्याकाळच्या तासाभराची आहे. तो तास कशावर घालवावा हे ॲप आपल्याला सुचवतं, पण कारण विचाराल तर एवढंच सांगतं की तुम्ही याआधी असंच काहीतरी ऐकलंय. कान असलेल्या माणसाची एक ओळ त्याहून कितीतरी पुढची आहे.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी कुणाला गाणं पाठवाल तेव्हा नुसती लिंक टाकू नका आणि ‘अप्रतिम’ही लिहू नका. मिनिट लिहा, तिथे काय घडतं ते पाच-सहा शब्दांत लिहा, आणि काही खटकलं असेल तर तेही लिहा. समोरचा निदान तेवढं मिनिट तरी नक्की ऐकेल.