नव्या फोनकडून अपेक्षा
सामान्य ग्राहकाला नव्या स्मार्टफोनमध्ये सगळ्यात आधी हवी असते टिकणारी बॅटरी. सकाळी चार्जरवरून काढलेला फोन रात्रीपर्यंत चालला पाहिजे. भाजीवाल्यासमोर यूपीआयचा क्यूआर कोड स्कॅन करतानाच तो बंद पडला, तर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचा काय उपयोग? लिथियम-आयन बॅटरी वापरागणिक क्षीण होत जाते, आणि बहुतेक फोनचे मागचे झाकण आता पूर्वीसारखे घरी उघडता येत नाही. भरपूर स्टोरेज, उन्हातही वाचता येणारा स्क्रीन या मागण्या त्यानंतरच्या. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवा नियम लागू आहे: ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे आणि महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षे मिळाले पाहिजेत. भारतातल्या ग्राहकालाही असेच कायद्याचे संरक्षण मिळायला हवे.