किती एकर पुरेल?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. तो मिशिगनमध्ये असतो, पंधरा वर्षं झाली. ख्यालीखुशाली झाली आणि त्याने विचारलं, "दादा, आपल्याकडे चितळासाठी किती एकर लागेल रे?"

मला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. तिकडे १५ ते ३० नोव्हेंबर हा बंदुकीने हरणं मारण्याचा हंगाम. ऑफिसातल्या एका मित्राची ४० एकर जमीन आहे, खास हरणांसाठी घेतलेली. मध्ये क्लोव्हर नावाचा चारा पेरलाय, कडेला मचाण. यंदा हाही गेला आणि त्याच्या डोक्यात ते बसलं. सिंदेवाही तालुक्यात माझी वडिलोपार्जित साडेचार एकर आहे. तिला लागून असलेली तीन एकर विकायला निघाल्याचं त्याला मावशीकडून कळलं होतं. "तुझी आणि ती मिळून साडेसात. पुरेल का? शिकारीचा परवाना निघाला तर बघ, नाहीतर नुसतं मचाणावर बसू. जमीन तुझ्या नावावर घे, पैसे मी पाठवतो. तुझं काय ते वेगळं देईन."

मी फोनवर नाही म्हटलं नाही. मुलीच्या नागपूरच्या होस्टेलचा हप्ता तोंडावर होता. म्हटलं, "बघतो."

बघायला फार काही नव्हतं, तरी बसून आकडे मांडले. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला इथे शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. म्हणून तर माझं नाव हवं होतं. याला बेनामी म्हणतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही तो शब्द उच्चारला नाही. माझ्यासारख्या सातबाराधारकालाही कोरडवाहू जमीन एका कुटुंबाला ५४ एकरांपर्यंतच ठेवता येते. समजा, तेवढी घेतली. तरी त्यावर आलेलं चितळ माझं होत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि मारलेलं किंवा मेलेलं सापडलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं, मग ते कुणाच्या का वावरात असेना.

मग वाटलं, याहून जास्त जमीन असलेल्यांचं काय? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. म्हणजे जवळपास साडेचार हजार एकर. बांबू, तेंदूपत्ता, मोह, सगळ्यावर ग्रामसभेचा हक्क. पण त्याच २००६च्या कायद्यात पारंपरिक हक्कांची यादी देताना शिकारीचा हक्क नाव घेऊन वगळला आहे. आणि ताडोबा? १९३५ सालीच तिथली शिकार बंद झाली. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा चंद्रपूर अजून मध्य प्रदेशात होतं. आज अंधारी अभयारण्य धरून गाभ्याचं क्षेत्र ६२५ चौरस किलोमीटर, म्हणजे दीड लाख एकरांच्या वर. तिथे तर गाडीतून खाली उतरायचीसुद्धा मुभा नाही.

साडेसात एकर, ५४ एकर, साडेचार हजार, दीड लाख. उत्तर सगळीकडे एकच: शून्य चितळ.

तरी आमच्या घरात शिकारीची गोष्ट आहेच. आजोबा मालगुजाराकडे दिवाणजी होते. "आजोबांनी साहेबाबरोबर शिकार केली," असं ऐकत आम्ही दोघं वाढलो. मोठेपणी वडिलांनी सांगितलं की आजोबांनी बंदूक कधी धरली नाही. साहेबाच्या हाकाऱ्याला गावातून माणसं गोळा करून द्यायची, एवढंच त्यांचं काम. मावसभावाला हे माहीत नाही. आता परदेशातल्या पाहुण्यासाठी जागेची सोय करायला मी निघालो होतो. काम तेच.

जानेवारीत शेतावर गेलो. शेजारी, ज्यांना मी लहानपणापासून मामा म्हणतो, रात्रीच्या जागलीला निघाले होते. मीही गेलो. धान निघाल्यावर बांधीत लाखोळी, वरच्या अंगाला हरभरा. घाटे भरत आले होते. माळ्याखाली शेकोटी, हातात टॉर्च, बाजूला वाजवायला तेलाचा रिकामा पिपा.

मी विचारलं, "मामा, कितीक येतेत?"

"मोजत नाही बापू. तीन एकर पेरतो. एक चितळाचा, अर्धा डुकराचा. उरलं तं माझं."

रानडुक्कर आणि रोही फारच नुकसान करू लागले तर मारायचा परवाना मागता येतो. चितळासाठी तशी सोय नाही. पंचनामा होतो, भरपाई मिळते. पण पंचनामा दिवसा होतो आणि जागावं रात्री लागतं. काही जण तारेत करंट सोडतात. त्यात डुक्कर मरतं, कधी वाघ, कधी शेतातलाच माणूस. मामांनी ते कधी केलं नाही.

मी त्यांना मिशिगनचं सांगितलं. तिकडे चारा पेरून हरणं बोलावतात, ४० एकरात. आणि जाणकार एका हरणाचा वावर साधारण एक चौरस मैल धरतात, म्हणजे ६४० एकर. त्यांचं हरीणही बहुतेक वेळ शेजाऱ्याच्याच जमिनीवर असतं.

मामा हसले. "चितळ का धुरा पाहून चरते? हरनासाठी पेरतेत तिकडं, तं त्यायले सांग, इकडं पेरूनच आहे."

पहाटे दोनच्या सुमारास जंगलाच्या कडेला चितळ ओरडलं. एकदा, मग थांबून पुन्हा. मी टॉर्च उचलला. मामांनी माझा हात खाली दाबला आणि शेकोटीत दोन लाकडं सारली. पिपा वाजवला नाही. चितळ हरभऱ्यामागे येतं, आणि चितळामागे काय येतं हे सिंदेवाहीत कुणी कुणाला सांगत नाही. उजाडेपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. सकाळी मामांनी सांगितलं, मागच्या वर्षापासून मुलगा जागलीला येत नाही, मामी येऊ देत नाही. जमीन विकायचं कारण तेच होतं.

रविवारी मावसभावाला फोन केला. बेनामी हा शब्दही वापरला, आणि आजोबांचं खरं काय तेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग तिथे जमीन घेऊन माणूस करतो काय?"

"हरभरा पेरतो."

हप्त्यासाठी सोसायटीतून कर्ज काढलं. गिऱ्हाईक नाही, हे मामांना सांगायला परत गेलो. ते "बरं" म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तं तूच कर बटईनं. तुझं नि माझं एकच वावर होईल. एक दिवसाआड जागू."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. सातबाऱ्यावर नाव चढवायला मी तयार होतो. एक दिवसाआड त्या माळ्यावर जायला मी तयार आहे का, हे मला पावसाळ्याच्या आत ठरवायचं आहे.