फणसाच्या फळ्या

तुम्ही आत्ता ज्या टेबलाशी बसून हे वाचताय, त्याचं लाकूड कुठल्या झाडाचं आहे, सांगता येईल का? नाही ना? लाकूड म्हणजे वखारीत उभं करून ठेवलेलं असतं ते, नाहीतर प्लायवूडच्या दुकानातलं, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. पण झाड आडवं पडल्यापासून त्याची फळी होऊन तिच्यावर माणूस बसेपर्यंत मध्ये बरंच काही घडतं. माझ्या नववीतल्या पुतण्यानं आणि मी ते अगदी जवळून पाहिलं. तीच हकिकत आज सांगतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकलं. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यातलं. दुपारच्या काही तासांत नारळी-पोफळीच्या बागा काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा पसरल्या. परसातला फणसही मुळासकट उपटला. आजोबांनी लावलेलं झाड ते! कोवळ्या फणसाची भाजी, गरे, फणसपोळी, तळलेले गरे... आईचे उन्हाळेच्या उन्हाळे त्याच्याभोवती गेलेले.

आठवड्याभरात लाकडाचा एक व्यापारी आला. घराचे कौल उडालेले, वीज नाही, हातात पैसा नाही, अशा वेळी तो म्हणाला, "सगळं उचलून नेतो, जळाऊ लाकडाचा भाव देईन." मी जवळजवळ हो म्हणणार, इतक्यात आई आतून बाहेर आली. "फांद्या ने. बुंधा चुलीत जाणार नाही," एवढंच बोलून ती परत आत गेली. आता बुंधा राहिला खरा, पण त्याचं करायचं काय?

पुतण्याकडे उत्तर तयार होतं. "काका, आपण मशीनची करवत घेऊ. घरीच फळ्या पाडू!"

गावात एक वयस्कर सुतार आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांना बोलावलं. ते आधी झाडाभोवती दोनदा फिरले आणि मुलांना म्हणाले, "लांब व्हा बघू सगळे." पडलेलं झाड आपल्याला निपचित वाटतं, पण ते ताणलेल्या धनुष्यासारखं असतं, बरं का. खाली दबलेली फांदी कापली की चाबकासारखी उसळते. त्याहून भयंकर म्हणजे मुळांचा गड्डा. वरचा बुंधा कापून त्याचं वजन कमी झालं, की मातीसकट तो गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसतो. म्हणून अशा खड्ड्यात खेळायला मुळीच उतरू नका. आणि ती साखळीची करवत! तिच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर अख्खं यंत्र क्षणात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उलटतं. हे काम शिकलेल्या माणसानं, डोक्याला, डोळ्यांना आणि पायांना संरक्षण घालूनच करायचं. आम्ही तशी माणसं बोलावली.

एक सरकारी गोष्टही लक्षात ठेवा. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्यानुसार आंबा, फणस, साग, चिंच अशी काही झाडं स्वतःच्या जागेत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आमचा फणस वादळानं पाडला होता. तरी पंचनामा होऊन कागद हातात येईपर्यंत बुंध्याला आम्ही हात लावला नाही.

तोवर पाऊस सुरू झाला. ओला ओंडका मातीवर ठेवला तर कुजतो, वाळवी लागते. म्हणून तो दोन दगडी ठोकळ्यांवर चढवला आणि दोन्ही टोकांना उरलेला तेलरंग जाड फासला. टोकांनाच का? झाडाच्या आत मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या टोकाशी उघड्या पडतात, तिथून पाणी भराभर उडून जातं, आणि टोकं मधल्या लाकडाच्या आधी सुकून तडकतात. रंग म्हणजे बाटलीला लावलेलं बूच समजा.

दिवाळीनंतर ओंडका गिरणीत न्यायचा ठरला. त्याआधी अण्णांनी एक गणित घातलं. तुम्हीही करा. ओंडक्याची लांबी आठ फूट, दोरीनं मोजलेला घेर सहा फूट. वखारवाल्यांची रीत अशी, की घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. दीड गुणिले दीड गुणिले आठ, म्हणजे अठरा घनफूट. पुतण्यानं शाळेतलं वृत्तचितीचं सूत्र वापरलं, तर उत्तर आलं जवळजवळ तेवीस! "अण्णा, पाच घनफूट कुठे गेले?" अण्णा हसले. "गोल ओंडक्यातून चौकोनी फळ्या काढायच्या ना? कडेची सालपटं आणि भुसा कोणाच्या हिशेबात धरायचा?" ती रीत म्हणजे लबाडी नाही, फक्त ती माहीत असावी लागते.

पूर्वी आमच्याकडे ओंडका उंच घोडीवर चढवून फळ्या पाडत. गेरूत भिजवलेलं सूत ताणून त्यावर सरळ रेघा मारायच्या, मग एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून लांब करवत ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा! अण्णांनी तरुणपणी खालची बाजू केलेली आहे. आता गिरणीत पट्ट्यासारखी फिरणारी करवत असते. तिचं पातं पातळ, त्यामुळे भुसा कमी. साखळीची करवत एका कापात सात-आठ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. असे दहा काप घेतले तर तीन इंच लाकूड, म्हणजे दोन चांगल्या फळ्या, नुसत्या हवेत! हा हिशेब ऐकल्यावर यंत्र घ्यायची पुतण्याची घाई जरा ओसरली.

अण्णांनी फळ्या दहा सुती पाडायला सांगितल्या. सुतारांचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दहा सूत म्हणजे सव्वा इंच. आम्हाला हवी होती एक इंचाची फळी. वरचे दोन सूत सुकण्यात, वाकण्यात आणि रंध्यात जाणार हे धरूनच चालायचं. पहिली फळी सुटली तेव्हा आतला गाभा हळदीसारखा पिवळाधमक निघाला! वाऱ्या-उजेडात तो हळूहळू तांबूस तपकिरी होतो. थायलंडमधले वनवासी भिक्षू याच गाभ्याच्या ढलप्या उकळून आपली चीवरं रंगवत आले आहेत. दक्षिणेतला मृदंगही फणसाच्याच लाकडाचा. कडेचं फिकट लाकूड मात्र किड्यांना आवडतं, ते काढून टाकायचं.

आता सगळ्यात कठीण काम आलं : थांबायचं. पडवीत, उन्हापावसाच्या आड, फळ्या एकावर एक रचल्या. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, आणि सगळ्या पट्ट्या बरोबर एकाखाली एक. पट्टी इकडेतिकडे सरकली तर फळी तिथेच झोळ धरते. वर दगडांचं वजन. हवा सगळीकडून खेळली पाहिजे.

लाकूड सुकलं हे ओळखायचं कसं? पुतण्यानं एक छोटा तुकडा वेगळा काढला आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन वहीत टिपलं. सुरुवातीला साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास होता. आधी भराभर, मग रेंगाळत, मे महिन्यात तो साडेसहाशेच्या खाली आला. आणि जुलैत काय झालं? वजन परत वाढलं! "काका, काटा बिघडला." काटा ठीक होता. लाकूड झाडापासून सुटलं तरी दमट हवेतून पाणी घेतं आणि कोरड्या हवेत सोडतं. पावसाळ्यात कपाटाची दारं अडकतात ती यामुळेच. गंमत म्हणजे फळी लांबीत जवळजवळ फुगतच नाही, रुंदीत फुगते. फूटभर रुंदीच्या फळीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

या थांबण्याच्या काळात आम्ही हत्यारं जमवली. पुतण्याच्या यादीत विजेचा रंधा, विजेची करवत, विजेचं सगळंच होतं. अण्णांनी यादी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि आम्हाला बाजारात नेलं. घेतलं काय? एक हातकरवत, एक रंधा, चार सुती आणि आठ सुती अशा दोन पटाशा, लाकडी हातोडा, गुण्या, दोन क्लॅम्प आणि धार लावायचा दगड. बस्स. पुतण्याचा चेहरा पडला होता, हे सांगायला हवं.

पण निवडताना अण्णांनी जे केलं ते पाहण्यासारखं होतं. गुण्या घेतला, एका फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारली, मग तो उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी मारली. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर काटकोन खरा, फाकल्या तर गुण्या परत दुकानात! तुमच्या कंपासपेटीतल्या गुण्याची अशी परीक्षा आजच घ्या. रंध्याच्या तळाला पोलादी पट्टी लावून उजेडाकडे धरली. फटीतून प्रकाश दिसला तर तळ सपाट नाही. करवत डोळ्यासमोर धरून पातं सरळ आहे का आणि दात आळीपाळीनं डावी-उजवीकडे झुकलेले आहेत का ते पाहिलं. दात झुकलेले असल्यामुळे काप पात्यापेक्षा रुंद होतो आणि पातं लाकडात अडकत नाही.

पहिले पंधरा दिवस त्यांनी पुतण्याला लाकडाला हातही लावू दिला नाही. नुसती धार. पटाशीचा मागचा भाग आधी सपाट, मग तिरपी बाजू सुमारे पंचवीस अंशांत दगडावर. बोथट पटाशी जास्त धोक्याची, कारण जोर लावावा लागतो आणि जोरात निसटलेलं पातं कुठेही जातं. म्हणून लाकूड क्लॅम्पमध्ये, दोन्ही हात धारेच्या मागे, आणि शेजारी मोठं माणूस. अण्णा स्वतः जमिनीवर बसून फळी पायानं धरतात. ते त्यांचं पन्नास वर्षांचं पाऊल आहे, त्याची नक्कल कुणी करू नये. विजेची यंत्रं मला आवडत नाहीत असं मुळीच नाही. दहा दारं करायची तर ती हवीतच. पण यंत्र चूक फार वेगानं करतं, आणि नवशिक्याला ती होताना दिसायला हवी.

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही पाट करायला घेतला. जुना पाट घरात असेल तर उलटा करून पाहा. खाली दोन आडव्या पट्ट्या दिसतील. मला वाटायचं, त्या पाट उंच करायला असतात. त्या फळीला वाकू देत नाहीत हे त्यांचं खरं काम! फळी रुंदीत फुगणार आणि आक्रसणार, पट्टी मात्र लांबीत तशीच राहणार. मग दोघींना गच्च चिकटवलं तर फळी तडकणार. म्हणून फळीच्या खालून अशी खाच पाडायची, जी तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असेल. पट्टी तिच्यात कडेनं सरकवायची आणि फेविकॉल लावायचा तो फक्त मध्यावर, दोन बोटं जागेत. ती खाच जमायला पुतण्याला तीन रविवार लागले. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. तेलात भिजलेली चिंधी मात्र बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळत घाला.

आईनं पाट खालून-वरून पाहिला, हात फिरवला, आणि विचारलं, "एकच केलास?"

अजून पाच फळ्या पडवीत आहेत. आईला देव्हारा हवाय, पुतण्याला पुस्तकांचं कपाट. मधली, झाडाच्या अगदी केंद्रातली फळी अपेक्षेप्रमाणे उभी तडकली, तिच्यातून पोळपाटापुरताही तुकडा निघणार नाही असं मी म्हणत होतो. अण्णा म्हणतात, दोन निघतील. गेल्या रविवारी ते गेरू आणि सूत घेऊन आले, तर पुतण्या आधीच तिच्यावर गुण्या लावून बसला होता.