पट रिकामा करून

नवा विद्यार्थी येतो तो बहुधा चार खेळ्यांची मात शिकूनच. वजीर एच५ वर, उंट सी४ वर, डोळा एफ७ वर. सोसायटीतल्या दोन-चार दोस्तांवर ती चाललेलीही असते. पाठोपाठ पालक विचारतात, ‘सर, रेटिंग कधी येईल?’ मार्च २०२४ पासून फिडे १४००च्या खाली रेटिंग देतच नाही, हे सांगितलं की चेहरे पडतात.

मी पटावरचे मोहरे उचलायला लागतो. उरतात तिघेच. पांढरा राजा ई४ वर, त्याचं प्यादं ई२ वर, काळा राजा ई६ वर. चाल पांढऱ्याची, जिंकून दाखव. मुलं राजाच दामटतात आणि समोरचा राजा काही वाट देत नाही. शेवटी कुणीतरी वैतागून प्यादं ई३ वर सरकवतं आणि काळ्याची पंचाईत होते. जागा सोडायची नाही, पण चाल तर करायलाच हवी! तो एका बाजूला सरला की आपला राजा दुसऱ्या बाजूने आत. आता तेच प्यादं आधीपासून ई३ वर ठेवा. चाल पांढऱ्याचीच, पण हातची खेळी संपलेली. काळा नीट खेळला तर डाव बरोबरीत. एका घराने एवढा फरक पडतो, हे पोरांना आधी खरंच वाटत नाही. मग दोघं-दोघं बसून, रंग बदलून, तासभर तेच खेळतात.

कापाब्लांका १९२१ मध्ये जगज्जेता झाला. त्याच वर्षीच्या ‘चेस फंडामेंटल्स’ची सुरुवात त्याने अशाच, मोजक्या मोहऱ्यांच्या साध्या मातांपासून केली. आमच्याकडे मात्र सिसिलियनच्या बारा खेळ्या पाठ आणि हत्ती-राजाने मात करता येत नाही, अशी गत. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा टायब्रेकचा दुसरा डाव फिरला तो शेवटच्या टप्प्यात. पालकांना मी तो डाव मुद्दाम दाखवतो.

मोबाइलवरच्या तीन मिनिटांच्या डावांना माझी बंदी नाही. ते भेळेसारखे, जेवण झाल्यावर. हरलेला मोठा डाव मात्र इंजिनला दाखवण्याआधी वहीत उतरवायचा. कुठे काय वाटलं होतं, ते खेळीच्या शेजारी पेन्सिलीने लिहायचं. ‘घोडा दिसलाच नाही’ हे एकाच वहीत तीनदा सापडलं, की त्या मुलाचा पुढचा गृहपाठ मला शोधावा लागत नाही.