चाकांची मशागत

कुस्तीच्या फडाभोवती जमलेल्या हजारो लोकांची दृष्टी मल्लांच्या दंडांवर खिळलेली असते. त्यांच्या पायांखालच्या मातीकडे क्वचितच कोणी पाहतो. तथापि त्या मातीत कोणी तरी ताक, तेल व हळद कालविलेली असते, ती उकरून सैल केलेली असते, तिच्यातले खडे वेचून काढलेले असतात. आणि ही मशागत नीट झाली नसेल तर वस्तादाने शिकविलेला डावही ऐन वेळी निसटतो, हे तालमीत वाढलेले पोरसुद्धा जाणते. यंत्रांच्या शर्यतीविषयी बोलताना मात्र आपणां सुशिक्षितांस ही जाणीव राहत नाही. शर्यतीची गाडी म्हटली की एंजिन कोणते आणि अश्वशक्ती किती, एवढे दोन प्रश्न विचारून आपण मोकळे होतो. ती अश्वशक्ती ज्यांच्या द्वारे जमिनीस पोचावयाची, त्या रबरी चाकांची विचारपूस कोणी करीत नाही. ती आज करावी, असा आमचा विचार आहे.

ह्या विचारपुशीसाठी गो-कार्टसारखे दुसरे वाहन नाही. दिसावयास ती अगदीच पोरकट. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या, शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या एका कारागिराने, गवत कापण्याच्या यंत्राचे एंजिन लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर बसवून पहिली कार्ट तयार केली. सत्तर वर्षे होत आली, तरी तिचे मूळ रूप पालटलेले नाही. तिला स्प्रिंगा नाहीत. सांगाडा स्वतःच थोडा पिळवटतो, तेवढेच तिचे लवचिकपण. मोटारीच्या मागील दोन चाकांना वळणावर निरनिराळ्या वेगाने फिरू देणारी जी दंतचक्रांची पेटी असते, तीही हिला नाही. मागची दोन्ही चाके एकाच ताठ आसावर जखडलेली. त्यातून मुलांच्या अनेक स्पर्धांत एंजिने मोहोरबंद असतात. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे २०४ घनसेंटिमीटरचे, सुमारे नऊ अश्वशक्तीचे एंजिन सर्वांस सारखेच. त्यास हात लावावयाचा नाही. मग एक मुलगा पुढे आणि दुसरा मागे कशाने जातो? काही अंशी त्याच्या कौशल्याने, आणि पुष्कळ अंशी चार टायरांनी.

आमच्या भाचीचे बिऱ्हाड अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात आहे. तिचा मुलगा बारा वर्षांचा. तो मातीच्या अंडाकृती धावपट्टीवर कार्ट चालवितो. एका उन्हाळ्यात आम्ही काही आठवडे त्यांच्याकडे राहिलो, तेव्हा एंजिनाचा आवाज आम्ही फारसा ऐकला नाही. टायरांची चर्चा मात्र सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत ऐकली. आमचे भाचेजावई एरवी मितभाषी, परंतु रबराचा विषय निघाला म्हणजे त्यांची रसवंती खळाळू लागे.

शाळेत आपण घर्षणाचा नियम घोकलेला असतो: घर्षण भारावर अवलंबून असते, टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर नव्हे. लाकडाच्या ठोकळ्यापुरता हा नियम ठीक आहे. रबर तो मानीत नाही. रबर जमिनीस दोन प्रकारांनी धरते. एक, त्याचे रेणू जमिनीच्या रेणूंस क्षणमात्र चिकटतात. दोन, जमिनीच्या खडबडीत कणांभोवती ते दबते आणि पूर्ववत होताना घेतलेली सर्व शक्ती परत करीत नाही. ह्या दुसऱ्या प्रकारात जी शक्ती हरवते तीच पकड म्हणून आपल्या उपयोगी पडते आणि उष्णता होऊन टायर तापविते. रबर थंड व कडक असेल तर ते कणांभोवती दबतच नाही. फाजील तापले तर लोण्यासारखे घसरते. के. ए. ग्रोश ह्या संशोधकाने १९६३ साली प्रयोगांनी दाखवून दिले की रबराचे घर्षण सरकण्याचा वेग आणि तापमान ह्या दोहोंवर अवलंबून असते, व त्या दोहोंचा परिणाम एकाच सूत्रात गुंफता येतो. टायरांच्या मशागतीचे सारे शास्त्र ह्यात आले: ज्या क्षणी पकड हवी त्या क्षणी रबर योग्य तेवढे मऊ आणि योग्य तेवढे उष्ण असावे.

ही मशागत मापाने सुरू होते. मातीच्या पट्टीवर गाडी सदैव डावीकडेच वळते. ताठ आसामुळे उजव्या व डाव्या चाकास फेरे सारखेच घ्यावे लागतात, पण उजव्यास वाट अधिक चालावयाची असते. म्हणून मागील उजव्या टायरचा घेर डाव्याहून इंच-सव्वा इंच अधिक ठेवतात. तोंडाशी रुंद व बुडाशी निमुळता असा पाणी पिण्याचा पेला आडवा करून घरंगळविला तर तो सरळ न जाता आपण होऊन वळतो; तीच ही युक्ती. हा फरक थोडा असेल तर गाडी वळणावर अडखळते. फार असेल तर सरळ वाटेवरही ती डावीकडे ओढ घेते आणि वेग खाते. जावईबापू प्रत्येक टायरभोवती फीत गुंडाळून त्याचा घेर मोजीत, आणि आमचा नातू तो आकडा एका वहीत उतरवून घेई.

त्यानंतर कातकाम. नव्या टायरवरील रबराचा थर लेथसारख्या यंत्रावर फिरवून पात्याने पातळ करतात. जाड थर वळणावर लुचलुचतो आणि आत उष्णता कोंडून धरतो. पातळ थर स्थिर राहतो व लवकर निवतो. मग वाळूकागदाने पृष्ठभाग एकसारखा करावयाचा. ह्यानंतर ड्यूरोमीटर. ह्या घड्याळासारख्या उपकरणाची बोथट सुई रबरात रुतवून पाहिली की मऊपणाचा आकडा कळतो. शून्य ते शंभर अशी ही मोजणी, आणि आकडा जितका लहान तितके रबर मऊ. परंतु उन्हात पडलेला टायर सावलीतल्यापेक्षा मऊ भरतो. म्हणून आकड्याशेजारी त्या वेळचे तापमान लिहिले नसेल तर त्या आकड्यास अर्थ नाही. ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलाने आम्हांस समजावून दिली.

शेवटी हवा. टायरात चौरस इंचास आठ पौंड हवा भरली असे समजा. बाहेरच्या वातावरणाचा दाब १४.७ पौंड; म्हणजे आतला एकंदर दाब २२.७ पौंड. शर्यतीत टायर २७ अंशांवरून ५७ अंशांपर्यंत तापला तर हा एकंदर दाब दहांशाने वाढतो, आणि आठाचे सव्वादहा पौंड होतात. एवढ्याने टायरचे पोट फुगून जमिनीस टेकणारा भाग आक्रसतो. म्हणून शर्यतीच्या आरंभी नव्हे, तर मध्यावर जो दाब हवा, तो मनात धरून हवा भरावयाची. पुढे येणाऱ्या उष्म्याचा हिशेब आज थंडपणे करणे, ही शिकवण आम्हांस शाळेतल्या पुष्कळ धड्यांहून मोलाची वाटली.

आता खरी खुबी ऐका. आमची समजूत अशी होती की पकड जितकी अधिक तितका वेग अधिक. तसे नाही. धावपट्टीची माती सायंकाळी पाणी मारून ओली केलेली असते. ओल टिकावी म्हणून काही ठिकाणी तिच्यात कॅल्शियम क्लोराइडही घालतात. रात्र चढते तशी ती वाळते, घोटली जाते, आणि तिच्यावर रबराचा काळा लेप बसू लागतो. पट्टी निसरडी असेल तेव्हा मऊ टायर लागतो. पट्टीच जेव्हा चिकट होते, तेव्हा तोच मऊ टायर जमिनीस इतका धरून बसतो की दुबळे एंजिन ती मिठी सोडविण्यातच दमून जाते. मागचे आतले चाक वळणावर किंचित सैल सुटले पाहिजे. तेही चिकटून राहिले की गाडी जागच्या जागी गुदमरते. अशा वेळी जाणता माणूस कडक टायर चढवितो. पकड हा वेगाचा शत्रू नव्हे आणि सर्वस्वही नव्हे. ती लागेल तेवढीच असावी. संध्याकाळी सातला जी तयारी उत्तम, ती रात्री दहाला चुकीची ठरते.

येथपर्यंत सारे मापाचे आणि निरीक्षणाचे काम. यापुढे मात्र बाटल्या येतात.

रबर मऊ करण्यासाठी त्यात द्रव मुरवितात. काही द्रव बाहेरून फडक्याने किंवा कुंचल्याने लावतात; त्याचा गुण लवकर येतो आणि लवकर ओसरतो. काही द्रव टायरच्या पोटात ओतून, टायर विजेच्या रोलरवर तासन् तास मंद गतीने फिरत ठेवतात; तो आतून मुरतो आणि त्याचा गुण अधिक टिकतो. नंतर प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून, मुरांब्याच्या बरणीसारखे त्या टायरांस स्वस्थ ठेवतात. द्रवाचे रेणू रबराच्या लांबलचक साखळ्यांमध्ये शिरून त्यांस एकमेकींवरून सरकू देतात, एवढेच त्यातले रसायन. परंतु ते द्रव उडून जाताना रबराचे मूळचे तेलही काही अंशी घेऊन जातात, आणि वारंवार मुरविलेला टायर पुढे पहिल्याहून कडक होऊन बसतो. कोणता द्रव, किती, किती वेळ, ही प्रत्येक घराण्याची गुप्त विद्या. बाप ती मुलास सांगतो, शेजाऱ्यास सांगत नाही.

भाचीच्या गॅरेजात पाऊल टाकताच आम्हांस आमच्या आजीच्या खोलीचा वास आला. आम्ही चकित झालो. शोध करता कळले की तो गंधपुऱ्याच्या तेलाचा, म्हणजे मिथिल सॅलिसिलेटचा वास. आपल्याकडे गुडघ्यांना चोळावयाच्या मलमांत तेच असते. आजीच्या सांध्यांस जे आराम देते तेच नातवाच्या टायरांस मऊ करते, ह्याची आम्हांस मौज वाटली. भाचीस मात्र मौज वाटत नव्हती. ती औषधशास्त्र शिकलेली. "मामा, ह्या तेलाचा चहाचा एक चमचा लहान मुलाच्या पोटात गेला तर जिवावर बेततं," ती म्हणाली, "आणि ह्या घरात चार वर्षांची मुलगीही आहे." शेजारच्या डब्यात टोल्युइन होते. त्याची वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत साचते, आणि अवघ्या चार अंश उष्णतेवरही ठिणगीने पेट घेते. त्याच गॅरेजाच्या कोपऱ्यात पाणी तापविण्याचा बंब होता व त्यात बारीक ज्योत सदैव तेवत होती. ही वाफ श्वासावाटे शरीरात गेली म्हणजे मज्जासंस्थेस बाधते, हे तर सर्वश्रुतच आहे.

त्या रात्री जेवणानंतर घरात वाद झाला. जावईबापूंचे म्हणणे असे की त्या पट्टीच्या नियमांत हे बसते, सर्वजण करतात, आणि मुलाबरोबर घालवावयाच्या ह्या संध्याकाळी त्यांना आयुष्यात परत मिळावयाच्या नाहीत. हे शेवटचे म्हणणे आम्हांस हलके वाटले नाही. नातू म्हणाला, "मामाआजोबा, सगळेच लावतात. आपण नाही लावलं तर मी मागेच राहणार." भाची बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "मागे राहिलास तर पुढच्या आठवड्यात पुन्हा धावशील."

आमचा कौल विचारण्यात आला. आमच्या मते नियमाने मुभा आहे तेथे द्रव लावणे ही लबाडी नव्हे. जगभरच्या कार्टिंगचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने आपल्या स्पर्धांत टायरांवर कोणतीही रासायनिक प्रक्रिया करण्यास बंदी घातली आहे, आणि टायरांतून निघणारी वाफ हुंगणारी उपकरणे तेथे तपासणीस ठेवलेली असतात; तेथे लपून लावणे ही चोरीच. मातीच्या अनेक पट्ट्यांवर तशी बंदी नाही. तेव्हा नीतीचा प्रश्न वेगळ्या ठिकाणी आहे. माप, कातकाम, हवेचा हिशेब, पट्टीचे निरीक्षण, ही विद्या मुलास स्वतः करता येते. ती त्याच्या हातात व डोळ्यांत राहते. बाटलीची विद्या बापाने हातमोजे घालून करावयाची आणि मुलाने दूर उभे राहून पाहावयाची. जी तयारी करताना मुलास जवळ येऊ देता येत नाही, ती मुलाची तयारी कशी म्हणावी? आम्ही एवढेच म्हणालो. जावईबापू काही बोलले नाहीत. त्यांनी उठून गॅरेजाचे दार उघडले आणि रोलर बंद केला.

पुढल्या हंगामात त्यांनी मुलाचे नाव, टायरांस काहीही लावू न देणाऱ्या वर्गात घातले. असा वर्ग त्यांच्या गावाजवळ नाही; त्यासाठी दर खेपेस दोन तासांचा प्रवास करावा लागतो. पहिल्या शर्यतीत नातू नववा आला, आणि घरी येईपर्यंत कोणाशी बोलला नाही, असे भाचीने कळविले. त्यानंतर तो कधी पाचवा, कधी सातवा येतो. पहिला आलेला नाही, आणि येईलच असेही आम्ही म्हणत नाही. कारण त्या वर्गातही मापाने व डोळ्यांनी काम करणारी इतर मुले आहेतच.

मात्र गेल्या महिन्यात त्याने आपल्या वहीच्या एका पानाचे छायाचित्र आम्हांस पाठविले. घेर, मऊपणा, तापमान, आरंभीची हवा, शेवटची हवा, असे रकाने आखलेले, आणि कडेस त्याच्या मोडक्यातोडक्या देवनागरीत एक ओळ: "माती लवकर सुकली. हवा अर्धा पौंड कमी पाहिजे होती." वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी वही लिहिणारे मूल असेल, मग ती टायरांची असो, बागेची असो वा अन्य कशाचीही असो, तर त्यास शर्यतीचा निकाल विचारण्याआधी ती वही दाखवावयास सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.