बाभळीच्या घरचा मध

मध्य अमेरिकेत बाभळीच्या गोतातले एक झाड आहे. बैलाच्या शिंगांसारखे त्याचे पोकळ काटे, अन् त्यांत मुंग्यांची बिऱ्हाडे. भाडे नाही, उलट देठाशी मध, पानांच्या टोकांना पिवळे दाणे! बदल्यात मुंग्या पाला खायला आलेल्या गुराला डसतात, बिलगू पाहणारे वेल कुरतडतात. थॉमस बेल्टने हे १८७४ साली लिहिले. पुढे १९६६ साली जान्झेनने मुंग्या काढून घेतलेल्या झाडांची कहाणी सांगितली: किड्यांनी ती फस्त केली. कोणाही मास्तराला फळ्यावर 'सहकार्य' असे लिहावेसे वाटावे!

२०१४ सालचे संशोधन मात्र निराळेच सांगते. त्या मधात एक द्रव्य असते. कोवळ्या मुंगीने तो मध चाखला, की साधी साखर पचवण्याची तिची शक्तीच खुंटते. मुंगी, आणि तिला साखर पचत नाही! मग झाड सोडून ती जाणार कुठे?

मी वीस वर्षे शाळेच्या दोन खोल्यांत राहतो आहे, बिनभाड्याने. गेल्या महिन्यात पुण्याहून बऱ्या पगाराच्या नोकरीचे पत्र आले. त्याच सुमारास हे मुंग्यांचे सारे पत्नीला वाचून दाखवले. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, पण काट्याला भोक तर मुंगीच पाडते ना?"

पत्राला उत्तर अजून गेलेले नाही.